चेहरे आहेत, नावे हवीत



नाणेघाट आपल्यापैकी कुणाला नवा नाही. जुन्नरहून घाटघरची वाट, पठारावरचा वारा, दगडी रांजण आणि घाटाच्या तोंडाशी असलेले लेणे आपण शाळेच्या सहलीत पाहिले आहे. त्या लेण्याच्या मागच्या भिंतीवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहन राजघराण्यातल्या व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. आज त्या प्रतिमा नाहीत. खाली पायांचे थोडेसे अवशेष दिसतात आणि वर ब्राह्मी लिपीत एकेकाचे नाव आहे. त्या नावांमुळे कळते की इथे सिमुक सातवाहन होता, इथे राणी नागनिका आणि राजा सातकर्णी होते. चेहरे गेले, पण नावे राहिली, म्हणून इतिहास राहिला.

आपल्या शाळेचे नेमके उलटे होत चालले आहे. ट्रंकेत, कपाटावर, जुन्या अल्बमांत शेकडो चेहरे शाबूत आहेत आणि नावे मात्र दरवर्षी थोडी थोडी जात आहेत. या स्मरणिकेसाठी फोटो आणि कागदपत्रे स्कॅन करण्याचे काम संपादक मंडळाने माझ्यावर सोपवले, कारण माझे जुन्नरला झेरॉक्स आणि डीटीपीचे दुकान आहे. महिनाभर हे काम केल्यावर मनात जे राहिले ते इथे लिहितो. स्कॅनर कसा चालतो हे त्यात आहे, पण मुद्दा आपल्या इतिहासाचा आहे.

जुने जपायचे तर त्याची नक्कल काढावी, ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. शिलालेखाचे अभ्यासक ओला कागद दगडावर ठोकून बसवतात, वरून शाई फिरवतात आणि अक्षरांचा ठसा घेतात. पंडित भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात नाणेघाटचे लेख वाचले, म्हणून आज आपण ते वाचू शकतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून वाड्यांतले, मठांतले कागद मिळवत. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. नकलून घेतलेले आणि छापलेले ते कागद आज कुणालाही वाचता येतात. जे घरातच पडून राहिले त्यांतले किती वाळवीने खाल्ले, ते कोण सांगणार?

फोटो संगणकात घालण्याची गोष्ट १९५७ साली अमेरिकेत सुरू झाली. तिथल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेत रसेल किर्श नावाचे संशोधक होते. त्यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो एका फिरत्या नळकांड्यावर लावला आणि त्यावरून प्रकाश फिरवून संगणकात घेतला. फोटो पाच सेंटीमीटर चौरस होता आणि चित्र १७६ आडवे, १७६ उभे ठिपके एवढेच. म्हणजे एकूण ३१ हजारांहूनही कमी ठिपके. आज माझ्या दुकानातला साधा स्कॅनर ए-फोर कागद ३०० डीपीआयला घेतो तेव्हा ८७ लाखांच्या आसपास ठिपके टिपतो.

आपला सपाट काचेचा स्कॅनर समजायला सोपा आहे. काचेखाली दिव्याची पट्टी असते. ती कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू सरकते. कागदावरून परतलेला उजेड संवेदक ओळीओळीने मोजतो आणि त्या ओळी जुळून चित्र होते. उरलेले सगळे सॉफ्टवेअरच्या हाती. ‘प्रीव्ह्यू’ दाबले की काचेवर काय आहे ते दिसते. मग किती भाग घ्यायचा, किती डीपीआय, रंगीत की करडा, सुधारणा करायची की नाही, हे आपण ठरवायचे. पन्नास वर्षांनी कुणाला त्या फोटोत काय दिसेल आणि काय दिसणार नाही, ते या चार खुणांवर ठरते. बहुतेक लोक त्या न बघताच ‘स्कॅन’ दाबतात.

डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. आपल्या १९९० च्या दहावीच्या ग्रुप फोटोत एक चेहरा जेमतेम पाव इंच रुंद आहे. ३०० डीपीआयला त्या चेहऱ्याच्या रुंदीत ७५ ठिपके येतात, ६०० ला १५०. पंचाहत्तरमध्ये ‘कुणीतरी मुलगा’ दिसतो, दीडशेमध्ये ओळखीचा माणूस दिसू लागतो. त्याच्याही वर गेले तर बहुतेक जुन्या प्रिंटमध्ये आणखी काही सापडत नाही, कागदाचा दाणाच मोठा होऊन येतो. तो फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला आणि काचेपेक्षा मोठा आहे. म्हणून तो दोन भागांत, मधली चार बोटे दोन्हीकडे येतील असा घेतला आणि मग जोडला.

कागदपत्रांच्या बाबतीत लोक ‘ब्लॅक अँड व्हाइट’ निवडतात, फाइल लहान होते म्हणून. पण त्यात फक्त दोनच रंग उरतात. फिकट पेन्सिल पुसली जाते, जांभळा गोल शिक्का डाग होऊन बसतो. निळ्या शाईतली मूळ नोंद आणि नंतर हेडसरांनी लाल शाईत केलेली दुरुस्ती एकसारखीच दिसते. कोणते आधी आणि कोणते नंतर हेच तर इतिहासाला हवे असते. म्हणून कागद जुना असेल तर रंगीतच घ्यावा, तो कितीही काळा-पांढरा वाटला तरी.

वर्तमानपत्रातल्या कात्रणांची अडचण वेगळी. छापील चित्र मुळातच बारीक ठिपक्यांचे असते. त्यावर स्कॅनरचे ठिपके पडले की लाटांसारखी नक्षी उमटते. सॉफ्टवेअरमध्ये ‘डीस्क्रीन’ नावाची खूण असते, ती अशा वेळी लावायची आणि खऱ्या फोटोला मात्र लावायची नाही. गॅदरिंगचे रंगीत फोटो बघाल तर सगळी नाटके लाल मातीत झाल्यासारखी वाटतील. त्या काळच्या रंगीत प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो आणि लाली उरते. ‘कलर रिस्टोरेशन’ने ती बरीच आवरता येते. काच पुसायला विसरू नये हे तर सांगायलाच नको. एका फोटोत हेडसरांच्या गालावर तीळ आला होता. काच पुसल्यावर गेला.

आता सुधारणेविषयी. धूळ काढणारी खूण लावली की धुळीबरोबर बारीक गोष्टीही जातात. एका फोटोत आपल्या वर्गातल्या एकीची चमकी गेली, दुसऱ्यात कुणाच्या शर्टाचे बटण गेले. म्हणून मी नियम केला: पहिली प्रत जशी आहे तशी, डागांसकट ठेवायची. साफसफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर. या स्मरणिकेत छापलेल्या प्रती साफ केलेल्या आहेत. मूळ प्रती टिफ स्वरूपात वेगळ्या ठेवल्या आहेत, कारण जेपीईजी फाइल बदल करून जितक्या वेळा जतन करावी तितकी ती थोडी थोडी झिजते.

या नियमाचा उपयोग एका मुलासाठी झाला. ग्रुप फोटोपेक्षा जुना, नववीतला एक फोटो एका मैत्रिणीने आणून दिला. त्यात तिसऱ्या रांगेत उजवीकडून दुसरा उभा असलेला मुलगा कुणालाच ओळखू येईना. बॅचच्या ग्रुपवर टाकला तर पाच नावे आली आणि पाचही चुकीची, कारण ते पाचही जण त्याच फोटोत इतरत्र उभे होते. एका मित्राने मोबाइलमधल्या ॲपने चेहरा ‘स्पष्ट’ करून पाठवला. छान दिसत होता, पण तो आपल्या वर्गातला कुणीच वाटेना. ही ॲप्स अंधुक चेहऱ्याच्या जागी अंदाजाने नवा चेहरा काढतात. माणूस आपला आणि नाक-डोळे भलत्याचे, असा प्रकार.

शेवटी ६०० डीपीआयची मूळ प्रत मोठी छापून मी मराठीच्या बाईंकडे गेलो. बाईंनी आता ऐंशी ओलांडली आहे. मी भिंग पुढे केले. त्या म्हणाल्या, “भिंग राहू दे, दिसतंय मला.” मग थोडा वेळ बघून म्हणाल्या, “अरे, भुवईवर खूण आहे बघ. विहिरीच्या पायऱ्यांवर पडला होता हा. कविता पाठ करण्यात तुमच्यातला एकही त्याच्यापुढे टिकत नव्हता.” आणि त्यांनी नाव सांगितले. ॲपने काढलेल्या चेहऱ्यात ती खूण नव्हती. ॲपने ती डाग समजून पुसली होती.

मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन, क्लार्कसमोर, शाळेचे जनरल रजिस्टर उघडले. नाव होते. गावाच्या रकान्यात ‘आंबेगाव’. शाळा सोडल्याच्या कारणात ‘पालक गाव सोडून गेल्यामुळे’. नववीच्या मधेच तो गेला, म्हणून दहावीच्या फोटोत तो नाही आणि आपल्या आठवणीतही नाही. ज्या आंबेगावावरून सगळ्या तालुक्याला नाव मिळाले, त्या गावाच्या जागी आज डिंभे धरणाचे पाणी आहे आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. म्हणजे तो मुलगा परत यायचे म्हणाला तरी त्याचे गाव जागेवर नाही. तो आपल्यात होता याची ती एक नोंद आणि तो एक फोटो, एवढाच पुरावा उरला आहे. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही. पान उलटून फोटोखाली बघा, तिथे ते आता इतरांच्या बरोबरीने छापले आहे. तो आज कुठे आहे हे कुणाला ठाऊक असेल तर कृपा करून कळवा. त्याला आपण बोलावणे धाडलेले नाही, कारण कुठे धाडायचे ते माहीत नव्हते.

रजिस्टर हा नुसता शाळेचा कागद नाही हे आपण अलीकडे पाहिले आहे. २०२३ साली राज्यभर जुन्या कुणबी नोंदी शोधण्याचे काम निघाले तेव्हा जन्म-मृत्यूच्या नोंदवह्यांबरोबर शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरेही उघडली गेली, मोडी वाचणारे शोधले गेले आणि सापडलेली पाने स्कॅन झाली. एका जुन्या ओळीवर किती जणांचे काय काय अवलंबून असते ते तेव्हा सगळ्यांना कळले. त्याच कारणाने रजिस्टरचे एकही पान मी या स्मरणिकेत घेतलेले नाही आणि कुठल्याही ग्रुपवर टाकलेले नाही. जन्मतारीख, जात, नापास झाल्याची वर्षे ही ज्याची त्याची खासगी गोष्ट आहे. पाने शाळेने स्कॅन करून शाळेतच जपावीत, अशी विनंती मी केली आहे.

घाई कशाची, असे काही जण म्हणतात. आपल्याच तालुक्यात ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीणवर डोंगर आला. दीडशेहून अधिक माणसे गेली. माणसांपुढे कागदांचे काय, हे खरेच. पण मागे राहिलेल्यांना आपल्या माणसाचा एखादा फोटो हवासा वाटला तर तो ज्या घरात होता ते घरच मातीखाली होते. फोटोची दुसरी प्रत दुसऱ्या गावात, दुसऱ्या घरात असणे किती मोलाचे आहे, ते तेव्हापासून माझ्या मनात आहे. म्हणून आपल्या सगळ्या फोटोंच्या तीन प्रती केल्या आहेत: एक शाळेत, एक पुण्यातल्या मित्राकडे, एक माझ्याकडे.

पण नावांची प्रत काढता येत नाही. काच फोटोची पुढची बाजू बघते. मागच्या बाजूला पेन्सिलने लिहिलेले नाव, स्टुडिओचा शिक्का, तारीख यांसाठी फोटो उलटा करून पुन्हा स्कॅन करावा लागतो. आणि जे मागेही लिहिलेले नाही ते फक्त काही माणसांच्या डोक्यात आहे. आपल्या गुरुजनांपैकी किती जण गेल्या दहा वर्षांत गेले ते आपण जाणतोच. त्यांच्याबरोबर किती नावे गेली त्याचा हिशेब लागत नाही.

म्हणून आज सभागृहाच्या दाराशी एक टेबल मांडले आहे. ज्या फोटोंत अनोळखी चेहरे उरले आहेत ते तिथे मोठे करून ठेवले आहेत आणि प्रत्येक चेहऱ्याला क्रमांक दिला आहे. शेजारी वही आणि पेन्सिल आहे. ओळखलात तर क्रमांकापुढे नाव लिहा आणि सांगणाऱ्याने स्वतःचेही नाव लिहा. खात्री नसेल तर प्रश्नचिन्ह द्या, पण लिहा. सर आणि बाईंसाठी टेबलाजवळ खुर्च्या ठेवल्या आहेत. जेवणाआधी प्रत्येकाने आपल्या एका शिक्षकांना तिथे घेऊन यावे, एवढीच विनंती.

घरी आणखी फोटो असतील तर दुकानात आणून द्या. अल्बमला चिकटलेले असतील तर ओढून काढू नका, पानासकट आणा. स्कॅन करून त्याच दिवशी परत देईन.