मीठ, वीज आणि पांढरा थर

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आमच्या सोसायटीचा जलतरण तलाव अकरा दिवस बंद राहिला. त्यातले निदान आठ दिवस माझ्यामुळे. सुट्टीतल्या पोहण्याच्या वर्गाला चाळीसेक मुले होती, आणि समितीत रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक म्हणून मला मोठ्या विश्वासाने घेतलेले होते.

आमचा तलाव खाऱ्या पाण्याचा आहे. खारे म्हटले की लोकांना समुद्र आठवतो. पण समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात आणि या तलावात त्याच्या दहाव्या हिश्शाइतके. हे पाणी फिल्टरमधून परत येताना एका नळकांड्यातून जाते. आत धातूच्या पट्ट्या असतात आणि त्यांतून वीज वाहते. मिठातला क्लोरीन धनाग्रावर मोकळा होऊन पाण्यात मिसळतो आणि जंतू मारतो. काम झाले की त्याचे बहुतांशी पुन्हा मीठच होते.

त्या मे महिन्यात यंत्रावरचा ‘मीठ कमी’ हा दिवा लागला. पाण्याला हिरवट झाक येऊ लागली होती. मी पन्नास किलोच्या सहा गोण्या जाडे मीठ आणवले आणि ओतवले. दिवा तसाच. तलाव बघणारे मामा म्हणाले, “सर, नळकांडं खोलून बघू का एकदा?” मी म्हटले, “मामा, यंत्र सांगतंय ना मीठ कमी आहे म्हणून!” मग दुरुस्तीवाला आला. न उघडताच त्याने नळकांडे बाद झाल्याचे सांगितले आणि नव्याचा जो आकडा लिहून दिला, त्यावर समितीची बैठक बोलवावी लागली.

बैठकीच्या आधीच्या रात्री मी एका फ्रेंच माणसाविषयी काढलेली जुनी टिपणे चाळत होतो. त्याचे नाव युजेन एर्मीत. पण त्याच्याकडे येण्याआधी थोडे मागे जायला हवे.

मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की क्लोरीन निघतो, हे नवे ज्ञान नाही. 1800 साली व्होल्टाने आपल्या विद्युतघटाची बातमी लंडनला कळवली आणि लगेचच विल्यम क्रुकशँक याने तो घट मिठाच्या पाण्याला लावून पाहिला. 1834 मध्ये फॅरडेने हिशोबच घालून दिला. त्यानुसार 1 अँपिअरचा प्रवाह तासभर वाहिला तर फार तर 1.32 ग्रॅम क्लोरीन मिळेल, जास्त नाही. चार्ल्स वॉटने 1851 मध्ये या पद्धतीचे पेटंटही घेतले. अडत होते ते विजेवर. घटांच्या विजेने तलाव सोडा, बादलीही शुद्ध करणे परवडले नसते. डायनॅमो आल्यावरच या कल्पनेला पाय फुटले.

एर्मीतने 1880 च्या दशकात कागदाचा लगदा आणि कापड विरंजित करण्यासाठी यंत्र बनवले आणि पुढे तेच तो सांडपाण्याकडे घेऊन गेला. इंग्लंडमधल्या वर्थिंग या समुद्रकाठच्या गावात 1893 मध्ये विषमज्वराने दीडशेहून अधिक माणसे दगावली होती. दुसऱ्याच वर्षी तिथे एर्मीतच्या यंत्राचा प्रयोग झाला. समुद्राचे पाणी घ्यायचे, त्यातून वीज सोडायची आणि ते पाणी शौचालयांत आणि गटारांत फिरवायचे. त्याच सुमारास, 1893 मध्ये, अमेरिकेत ब्रूस्टर गावचे सांडपाणी अल्बर्ट वुल्फने असेच शुद्ध करायला घेतले, कारण ते न्यूयॉर्क शहराला पिण्याचे पाणी पुरवणाऱ्या खोऱ्यात उतरत होते. पहिल्या महायुद्धात 1915 साली हेन्री डेकिनने ‘अक्विटानिया’ या रुग्णालय-जहाजावर तीच युक्ती वापरली. भोवती अथांग मीठपाणी आणि जहाजाची स्वतःची वीज, मग जंतुनाशकाची पिंपे कशाला वाहायची?

तरीही ही पद्धत मागे पडली. 1908 मध्ये जर्सी सिटीच्या पाण्यात क्लोरीन घालायला सुरुवात झाली ती विरंजक चूर्णातून, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीत ज्याला टी.सी.एल. पावडर म्हणतात तिच्यातून. नंतर द्रवरूप क्लोरीनची नळकांडी आली. दोन्ही स्वस्त आणि बिनकटकटीची. विजेच्या यंत्राची कटकट पट्ट्यांची होती. प्लॅटिनम महाग आणि ग्रॅफाइट झिजणारे.

आता त्या रात्री मी जिथे थबकलो ती गोष्ट. एर्मीतच्या यंत्रात ऋणाग्र म्हणून जस्ताच्या गोल चकत्या होत्या, त्या सतत फिरत असत, आणि त्यांना घासत राहतील अशा एबोनाइटच्या लवचीक सुऱ्या बसवलेल्या होत्या. हे टिपण मीच काढले होते. त्या सुऱ्या कशासाठी, हा प्रश्न मात्र मला तेव्हा पडला नव्हता.

ऋणाग्रावर हायड्रोजन सुटतो तेव्हा त्याच्या अगदी लगतचे पाणी अल्कधर्मी होते. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असेल तर तिथेच त्याचा पांढरा थर बसतो. गीझरच्या कॉइलवर बसतो त्याचाच हा भाऊबंद. थर वाढला की वीज अडते. एर्मीत समुद्राच्या पाण्यावर काम करत होता, म्हणून त्याला सुऱ्या लागल्या.

आजच्या नळकांड्यात सुऱ्या नसतात. 1960 च्या दशकात हेन्री बीर या डच संशोधकाने टायटॅनियमवर रुथेनियम ऑक्साइडचा लेप देण्याची रीत काढली आणि न झिजणारे म्हणावे असे धनाग्र मिळाले. अशा पट्ट्यांत प्रवाहाची दिशा उलटवता येते. दर काही तासांनी ऋणाग्र धनाग्र होते आणि थर आपोआप सुटतो. जस्ताला हे जमले नसते, ते विरघळून गेले असते. पण दर उलटापालटीत लेप थोडा झिजतो, म्हणून उलटवणेही बेताने ठेवतात. पाणी फारच दुष्फेन असेल तर ते पुरत नाही.

आमचे पाणी उन्हाळ्यात बोअरचे आणि टँकरचे. शिवाय गर्दीच्या दिवसांत क्लोरीन कमी पडतो म्हणून मामा वरून टी.सी.एल. टाकत, म्हणजे आणखी कॅल्शियम. आणि या यंत्राला मिठाची चव कळत नाही! ते फक्त प्रवाह मोजते, आणि प्रवाह कमी दिसला की मीठ कमी आहे असे समजते.

सकाळी आम्ही नळकांडे खोलले. पट्ट्यांमधल्या फटी चुन्याने जवळजवळ बुजल्या होत्या. एक भाग हायड्रोक्लोरिक आम्ल चार भाग पाण्यात हळूहळू मिसळून (पाणी आम्लात ओतायचे नाही, हे मी मामांना तीनदा सांगितले) त्यात पट्ट्या बुडवल्या. पंधरा मिनिटे फसफसले आणि खालून काळपट, शाबूत लेप दिसू लागला. मामा काही बोलले नाहीत. मलाच बोलावे लागले.

यंत्र जोडले तर ‘मीठ जास्त’ हा दिवा लागून ते बंद पडले. जुन्या कॉलेजात जाऊन सिल्व्हर नायट्रेटने अनुमापन केले. बारावीच्या मुलांकडून वर्षानुवर्षे करून घेतलेला हा प्रयोग, जो मी गोण्या मागवण्यापूर्वी अर्ध्या तासात करू शकलो असतो. लिटरमागे 5.3 ग्रॅम. तलाव दीड लाख लिटरचा, त्यात माझे 300 किलो, म्हणजे माझा वाटा 2 ग्रॅमचा. आधी 3.3 होते, यंत्राला हवे तितकेच.

मीठ पाण्यातून काढून घ्यायची सोपी वाट नाही. पाणीच काढावे लागते. भर मे महिन्यात, घरांचे पाणी दिवसाआड केलेले असताना, जवळपास पन्नास हजार लिटर पाणी सोडून द्यायचे आणि तितकेच विकत आणायचे. झाडांना घालावे तर खारट. दहा हजार लिटरचे पाच टँकर आले. त्यांचे पैसे मी भरले. समितीने नको म्हटले, तरी भरले. फाटकाशी हंडे घेऊन थांबलेल्या शेजारच्या चाळीतल्या बायका ते टँकर आत जाताना बघत होत्या.

आता दर पंधरा दिवसांनी मामा नळकांडे खोलून पट्ट्या बघतात आणि वहीत लिहितात. टी.सी.एल. बंद केले आहे. गेल्या मे महिन्यात ‘मीठ कमी’ पुन्हा लागला तेव्हा मामांनी मला फोन केला तो आम्लात पट्ट्या बुडवून झाल्यावर.