याज्ञिक, चित्तरंजन

पुण्यातील मधुमेहतज्ज्ञ व संशोधक. केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागातून त्यांनी चालवलेले संशोधन रक्तातल्या साखरेपासून निघाले आणि गर्भवतीच्या ताटापर्यंत पोहोचले. बाळाची हाडे आणि मेंदू यांची पायाभरणी पोटात असतानाच कशी होते, याचे ग्रामीण महाराष्ट्रातले पुरावे त्यांच्या गटाने गोळा केले.

ऑक्सफर्डमध्ये संशोधनाचे प्रशिक्षण घेऊन ते पुण्यात परतले. त्यांच्याकडे येणारे मधुमेही पाश्चात्त्य पुस्तकांतल्या वर्णनात बसत नव्हते. वय कमी, हातपाय काटकुळे, पण पोट सुटलेले. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. हे मोजले डेक्सा यंत्राने, म्हणजे हाडांची घनता तपासायच्या यंत्रानेच. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून हा ‘वाय-वाय विरोधाभास’ जगभर ओळखला जातो.

भारतीयांच्या शरीराची ही ठेवण जन्मतःच असते का, हे पाहायला ते त्याच्या कितीतरी आधी गावांत गेले होते. ब्रिटनमधील साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर यांनी प्रौढपणीच्या रोगांची मुळे गर्भावस्थेत असतात असे मांडले होते. त्यांच्या व कॅरोलिन फॉल यांच्या सहकार्याने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू झाला. लग्न झालेल्या बायकांची मापे दिवस जाण्याआधीच घेऊन ठेवायची, मग गर्भारपण, बाळंतपण आणि पुढे मूल वाढताना पाहत राहायचे, अशी त्याची रचना होती. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले; साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याकडची बाळे सर्वच मापांत लहान होती, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. ‘थिन-फॅट’ बाळ ही संज्ञा यातूनच रूढ झाली.

आयांच्या आहारातही एक धागा सापडला. संशोधक शोभा राव यांच्या पुढाकाराने झालेल्या विश्लेषणात (२००१) हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खाणाऱ्या बायकांची बाळे आकाराने मोठी आढळली.

हाडांचा निष्कर्ष २००६ साली आला. सहा वर्षांच्या ६९८ मुलांची आणि त्यांच्या आईवडिलांचीही डेक्सा तपासणी झाली. मुलांची हाडे आईइतकीच वडिलांवर गेलेली दिसली. त्याशिवाय, गरोदरपणी दूधदुभते, डाळी, पालेभाज्या असे कॅल्शियमयुक्त पदार्थ जास्त वेळा खाणाऱ्या बायकांच्या मुलांची हाडे अधिक घट्ट होती. गर्भारपणाच्या २८व्या आठवड्यात आईच्या रक्तात फोलेट जास्त असेल, तर मुलाच्या पाठीच्या कण्याची घनताही जास्त भरली.

मेंदूकडची वाट बी-१२ या जीवनसत्त्वाने दाखवली. या बायकांपैकी बहुतेकींच्या रक्तात ते कमी होते. गर्भारपणी ज्यांचे बी-१२ सर्वांत कमी होते आणि ज्यांचे सर्वांत जास्त होते, अशा दोन टोकांच्या आयांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर त्यांना आकडे लक्षात ठेवणे, रंगांच्या क्रमाने रेघ जोडत जाणे अशा चाचण्या दिल्या. पहिल्या गटातली मुले तात्पुरती स्मृती आणि अवधान यांत मागे पडली. बुद्धिमत्तेच्या चाचणीत मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता. गर्भाच्या मज्जानलिकेतील जन्मजात दोषांचा संबंध आईच्या पेशींपर्यंत बी-१२ पोहोचवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाशी असल्याचेही त्यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवले.

या निष्कर्षांचा अर्थ त्या सहा गावांपुरता नाही. माढा तालुक्यातील मोडनिंबसारख्या सोलापूरकडच्या गावांत जोंधळ्याची भाकरी, पिठले, तुरीची आमटी हे रोजचे जेवण. त्यात प्रथिने असतात, बी-१२ नसते; ते सूक्ष्मजीव बनवतात, वनस्पती नाही. शाकाहारी माणसाला ते मिळते दूध-दह्यातून, आणि कॅल्शियमचा मोठा वाटाही तिथूनच येतो. घरचे सगळे दूध डेअरीला घातले, तर गर्भारणीच्या वाट्याचे दोन्ही त्याबरोबर जाते.

निरीक्षणानंतरची पायरी उपचाराची. मूळ अभ्यासातली मुले-मुली किशोरवयात आल्यावर २०१२ मध्ये ‘प्रिया’ चाचणी सुरू झाली. एका गटाला रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२, दुसऱ्याला त्यासोबत इतर सूक्ष्मपोषके, तिसऱ्याला नुसती दिखाऊ गोळी, अशी विभागणी होती. पुढे त्यांना झालेल्या मुलांपैकी ७४ जणांची तपासणी झाली. फक्त बी-१२ मिळालेल्या गटाची मुले आकलन व भाषा यांत दिखाऊ गोळीच्या गटापेक्षा पुढे होती. इतर सूक्ष्मपोषकेही मिळालेल्या गटात तसा फरक दिसला नाही. संख्या लहान असल्याने हा पुरावा प्राथमिकच मानावा लागतो. मात्र दिवस जाण्याआधी मापे दिलेल्या आजीपासून तिच्या नातवंडापर्यंत एकाच कुटुंबाच्या तीन पिढ्यांच्या नोंदी या अभ्यासाकडे आहेत.