पंचवीस तासांचं इंजिन

जर्मनांच्या मेसरश्मिट २६२ या जेट विमानाचा विषय निघाला की आपल्याकडची युद्धप्रेमी मंडळी हळहळतात: ते वर्षभर आधी आलं असतं तर! उशिराचा दोष हिटलरच्या हट्टाला दिला जातो. हट्ट होताच. पण मला खरी अडचण टर्बाइनच्या पात्यात दिसते.

जेट इंजिनात ही पाती जळत्या वायूच्या झोतात मिनिटाला हजारो फेरे घेतात. एवढ्या तापात धातू एकदम तुटत नाही. ताणाखाली हळूहळू लांबत जातो. जरासा जास्त लांबला की पातं कवचाला घासतं, किंवा मोडतं. हे लांबणं रोखायला हाताशी होतं ते निकेल, आणि जर्मनीकडे ते फार थोडं. फिनलंडमधल्या पेत्सामोच्या खाणींवर भिस्त होती. ऑक्टोबर १९४४मध्ये त्याही सोव्हिएत फौजांनी घेतल्या. युंकर्सच्या अभियंत्यांनी मग जुमो ००४ इंजिनात चक्क साध्या पोलादाचे दहनकक्ष बसवले, वर ॲल्युमिनियमचा लेप. पाती पत्रा वळवून पोकळ केली आणि आतून हवा खेळवली. (ओढाताणीत सुचलेली ही पात्यांची युक्ती आजच्या मोठ्या इंजिनांतही आहे.) तरी इंजिनाचं आयुष्य ठरलं सुमारे २५ तास, प्रत्यक्षात अनेकदा त्याहून कमी.

ब्रिटनला कॅनडाचं निकेल मिळत होतं. फ्रँक व्हिटलच्या इंजिनासाठी हेन्री विगिन कंपनीच्या धातुतज्ज्ञांनी सुरुवात केली ती विजेच्या शेगडीच्या तारेपासून! चार भाग निकेल, एक भाग क्रोमियम. नायक्रोमची ही तार लालभडक तापूनही जळत नाही, पण ताण सोसत नाही. तिच्यात थोडं टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम मिसळल्यावर ती सोसू लागली. का, ते तेव्हा कुणाला दिसत नव्हतं. निकेलच्या पोटात तयार होणारे ते अतिसूक्ष्म कण पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवले. हाच निमॉनिक ८०.

जुलै १९४४मध्ये ब्रिटिश हवाई दलात आलेलं मीटिओर वेगात मेसरश्मिटच्या मागेच होतं. पण त्याचं वेलँड इंजिन १८० तासांनी दुरुस्तीला उतरवायचं होतं. तिकडे १,४००हून जास्त मेसरश्मिट २६२ बांधली गेली, लढाईत उतरली त्यातली थोडी. इंधन नव्हतं, शिकलेले वैमानिक नव्हते, आणि धड टिकणारी इंजिनं नव्हती.