बहुउपयोगी मार्ग

पादचारी, सायकलस्वार आणि चाकाची खुर्ची वापरणारे यांच्यासाठी मोटाररस्त्यापासून वेगळी काढलेली, साधारण 3 ते 4 मीटर रुंदीची वाट. अमेरिकेत बंद पडलेल्या लोहमार्गांवर अशा वाटा झाल्या, त्या मुख्यतः फेरफटक्यासाठी. विस्कॉन्सिनमधील एलरॉय-स्पार्टा ही त्यांतली जुनी. नेदरलँड्समध्ये 1970च्या दशकानंतरचे सायकलमार्ग शाळा, बाजार आणि कामाच्या ठिकाणी जाण्यासाठी बांधले गेले. मोटारी कमी व्हायच्या तर दुसरा नमुनाच उपयोगाचा. हवा खायच्या वाटेपर्यंत लोक गाडी काढूनच येतात, आणि लोणावळ्यासारख्या ठिकाणी शनिवार-रविवारच्या कोंडीत तेवढीच भर पडते.

पुण्यात 2006 साली बीआरटीबरोबर (बससाठी राखीव मार्गिका) सायकलमार्ग आले. 2017 मध्ये महापालिकेने सविस्तर सायकल आराखडा मंजूर केला. झालेले मार्ग मात्र तुकड्यातुकड्यांत राहिले: चौक आला की मार्ग संपतो, मध्ये विजेचा डीपी, पुढे उभ्या गाड्या.

शहराबाहेरही अशा वाटांची गरज आहे. मावळातील नवलाख उंबरे हे गाव तळेगाव औद्योगिक क्षेत्रात येते. याच क्षेत्रात जनरल मोटर्सचा मोटारकारखाना 2008 मध्ये सुरू झाला आणि 2020च्या अखेरीस बंद पडला. पुढे तो ह्युंदाईने घेतला. पुणे-लोणावळा लोकल 1978 पासून धावते. तळेगाव आणि वडगाव ही तिची स्थानके नवलाख उंबरेपासून सायकलच्या टप्प्यात आहेत, पण तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनर-ट्रेलरच्या रांगेत सायकल घालण्याची हिंमत कोण करणार? पाळीला जाणारा कामगार कंपनीची बस नाहीतर स्वतःची दुचाकी धरतो.

इथे वेगळी वाट काढायला जागेचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. गावनकाशावर पाणंद आणि शिवरस्ते आहेतच. जमीन महसूल अधिनियम, 1966च्या कलम 143 नुसार शेताच्या बांधावरून वाट मागता येते, आणि राज्याने 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणली. मात्र पाणंद ट्रॅक्टरसाठी असते. सायकलसाठी तिला खडी-मुरुमावर पक्का थर, कडेला गटार आणि ओढ्यावर मोरी लागते. मावळच्या पावसात नुसता मुरूम एक हंगामही टिकत नाही.

खरा खर्च पुलांचा. इंद्रायणीवरील कुंडमळ्याचा जुना लोखंडी पादचारी पूल 15 जून 2025 रोजी पर्यटकांच्या गर्दीत कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. म्हणून बांधणीइतकीच दरवर्षीच्या तपासणी-दुरुस्तीची तरतूद अंदाजपत्रकात धरावी लागते. तीच गोष्ट स्थानकाची: तिथे छपराखाली, कुलूप लावून सायकल ठेवायची सोय नसेल, तर वाट बांधूनही माणूस दुचाकीवरच जाईल.