शैवले की कृमींचे माग?

गाळाच्या खडकांतील शाखायुक्त ठसे ही समुद्रशैवले होत, असा समज एके काळी सर्वमान्य होता. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ अदोल्फ ब्रोंन्यार यांनी १८२० नंतरच्या दशकात त्यांना ‘फ्यूकॉइडीस’ ह्या नावाखाली वनस्पतींत स्थान दिले, आणि त्यांच्या अधिकारामुळे हे मत अर्धशतक टिकले. वस्तुतः ह्या ‘वनस्पतीं’त कोळशाचा अंश बहुधा आढळत नाही, शिवाय ठसा पुष्कळदा थराच्या तळाशी उठावाच्या रूपाने असतो. चिखलातील खाचेत वरून वाळू भरली म्हणजे नेमका असाच उठाव तयार होतो.

स्वीडिश पुरावनस्पतिशास्त्रज्ञ आल्फ्रेड नातहोर्स्ट यांनी हा प्रश्न केवळ अनुमानावर सोडला नाही. जिवंत कृमी व इतर अपृष्ठवंशी प्राणी मऊ गाळावर फिरू देऊन त्यांनी त्या मागांचे प्लास्टरचे साचे घेतले. शाखायुक्त मागही कृमी उमटवितात, असे त्यांत दिसून आले. १८८१ साली हे प्रसिद्ध होताच फ्रान्समध्ये मार्कि द सापोर्ता यांनी शैवलपक्ष हिरिरीने लढविला. आपल्याच शास्त्राच्या पदरचे धन परत करणारा नातहोर्स्टसारखा अभ्यासक विरळाच.

जुनी नावे मात्र सहजासहजी पुसली गेली नाहीत. १९९२ साली कँब्रियन कालखंडाचा आरंभ न्यूफाउंडलंडमधील फॉर्च्यून हेड येथे एका बिळाच्या मागावरून निश्चित झाला. तो काळ सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीचा. त्या मागाचे तेव्हाचे नाव ‘फायकोडीस पेडम’, म्हणजे शैवलासारखा! पुढे तो ‘ट्रेप्टिक्नस’ ह्या नावाखाली गेला. ते बीळ प्रिआप्युलिडसदृश कृमीने खोदले असावे, असे आज मानण्यात येते.