'छे': तपासणीत न दिसणारं दुखणं

कोरियात जेवणानंतर कुणाचं पोट गच्च झालं, मळमळायला लागलं, डोकं धरलं, की घरात एकच शब्द निघतो: 'छे'. खाल्लेलं आत अडकलं. मग आजी पाठ चोळते, अंगठ्याला दोरा गुंडाळते आणि नखाच्या मुळाशी सुई टोचून थेंबभर काळपट रक्त काढते. हीच तक्रार वारंवार होत राहिली आणि एंडोस्कोपीत काहीच सापडलं नाही, तर आजचे डॉक्टर 'फंक्शनल डिस्पेप्सिया' म्हणतात. म्हणजे अवयव धड, पण कामात बिघाड.

जुन्या वैद्यांना एंडोस्कोपी नव्हती, त्यामुळे 'काहीच सापडलं नाही' असं म्हणायची सोयही नव्हती! १५९६ साली राजा सोन्जोने हौ जून या राजवैद्याला ग्रंथ रचायला सांगितला. मध्ये जपानी आक्रमण झालं, राजाही वारला. तरी १६१० मध्ये काम पुरं झालं आणि १६१३ मध्ये 'दोंगुई बोगाम'चे २५ खंड छापले गेले. त्यात 'नैसांग', म्हणजे आतली इजा, असं एक प्रकरण आहे. ही इजा कशाने होते? एक खाण्यापिण्याने, दुसरी अतिश्रमाच्या थकव्याने. पोटाच्या दुखण्यात शिणाला अन्नाइतकंच स्थान दिलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

पुढे १८९४ मध्ये ली जे-मा यांनी माणसांच्या चार प्रकृती मांडल्या. आपल्याला लगेच वात-पित्त-कफ आठवतात, पण त्यांचा हिशेब वेगळा आहे, कुठला अवयव सबळ नि कुठला दुबळा याचा. त्यातली 'सोउम' माणसं जात्याच मंद पचनाची.

हे सगळे काढे उकळायचे, तासन्‌तास. १८९७ मध्ये सोलला मिन ब्योंग-हो या दरबारी अधिकाऱ्याने दरबारातल्या कृतीला पाश्चात्त्य औषधांची जोड दिली आणि पाचक चक्क बाटलीत भरलं: 'ह्वालम्योंगसू', जीव वाचवणारं पाणी. बाटली उघडा नि प्या. १९१९ नंतर याच कंपनीतून शांघायच्या हंगामी स्वातंत्र्य-सरकारशी गुप्त संपर्क चालायचा.

कारण दरम्यान जपानी राजवट आली होती. १९१३ च्या नियमाने पारंपरिक वैद्यांना 'उइसेंग' ठरवलं. शब्दशः अर्थ, वैद्यकाचे विद्यार्थी! पिढ्यान्‌पिढ्या नाडी बघणारे एका फटक्यात शिकाऊ झाले. लोक मात्र पोट बिघडलं की त्यांच्याकडेच जात राहिले. दर्जा परत मिळाला तो १९५१ च्या कायद्याने, तोही कोरियन युद्ध चालू असताना.