रस्ता कोणाच्या खर्चाने?

इंदूरच्या बडा गणपतीपासून मल्हारगंज, गोराकुंड, खजुरी बाजार, राजवाडा असे करत कृष्णपुऱ्याच्या पुलापर्यंत जाणारा रस्ता सुमारे १.७ किलोमीटरचा आहे. पश्चिम टोकाला पंचवीस फूट उंचीचा गणपती, पूर्व टोकाला नदीकाठी होळकरांच्या छत्र्या, आणि मधे पहिल्या मल्हाररावांचे नाव सांगणारी पेठ. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्याच यादीत इंदूरचे नाव आले. पुढे याच योजनेत हा रस्ता साठ फुटी करायचे ठरले आणि दोन्ही बाजूंच्या जुन्या घरांचे दर्शनी भाग पाडले गेले. त्यावर बोलणाऱ्यांचे दोन तट पडले. एकाला वाहतूक दिसत होती, दुसऱ्याला घर. दोघांचेही म्हणणे खरे आहे, पण त्यातून निकाल लागत नाही. रस्त्याचा खर्च एका टेबलावर आणि घरबांधणीचे नियम दुसऱ्या टेबलावर ठेवले की कोणताही रस्ता स्वस्त दिसतो. इंदूरला ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी छापील अहवालातून सांगून झाली होती, म्हणून इथला इतिहास उकरून काढण्यात अर्थ आहे.

महिदपूरच्या पराभवानंतर जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदुरात स्थिरावली. दरबार आला तसे सरदार, कारकून, सावकार, शास्त्री आणि कापडवाले आले. त्यांनी राजवाड्याच्या आजूबाजूला मिळेल तशी जागा धरली. आधी घर उभे राहायचे, मग दोन घरांच्या मधे उरेल तो रस्ता. देशी राजधान्यांत ही रीत सर्रास होती आणि बैलगाडी, पालखी, क्वचित हत्ती एवढ्या रहदारीला ती पुरतही होती. १८७० मध्ये दुसऱ्या तुकोजीरावांच्या काळात इंदुरात म्युनिसिपालिटी स्थापन झाली आणि बक्षी खुमानसिंग तिचे पहिले अध्यक्ष नेमले गेले. १९०६ मध्ये तिने स्वतःचे वीजघर काढले, १९०९ मध्ये अग्निशामक दल उभे केले, आणि १९१२ पासून सभासद निवडून येऊ लागले. गावाच्या मानाने ही प्रगती लहान नव्हती. पण कुठलीही नगरपालिका घ्या, तिच्या हाती मुख्यतः दोन साधने असतात, रस्त्यावर घालायचा पैसा आणि घरांवर लावायचे नियम. पैसा पट्ट्या आणि जकातीतून गोळा करावा लागतो, त्यासाठी व्यापाऱ्यांचा रोष पत्करावा लागतो. नियम करायला मात्र कागदापलीकडे काही लागत नाही. रस्ता रुंद करायचा पण जमीन विकत घ्यायला पैसा नाही, अशी वेळ आली की सभासदांची नजर नियमाकडे वळते. ओटा पुढे आला आहे, सज्जा रेषेबाहेर आहे, नकाशा मंजूर नाही, असे काही ना काही निघतेच. जुन्या पेठेत एकही घर असे सापडणार नाही ज्याच्यात हे निघणार नाही, कारण घर नियमाच्या आधीचे असते.

प्लेगच्या वर्षांत या वृत्तीला मोठा आधार मिळाला. मुंबईत १८९६ मध्ये साथ आली आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्ती पाडून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे रुंद रस्ते काढले. हवा खेळती झाली हे खरे. पण ज्यांच्या खोल्या गेल्या त्यांतले पुष्कळजण शेजारच्याच चाळींत जाऊन दाटले, कारण त्यांचे काम तिथेच होते. रस्त्याच्या खात्यात ही गर्दी कुठेच लिहिलेली नव्हती. १९१४ मध्ये हिंदुस्थानात आलेल्या पॅट्रिक गेडेसने नेमके हेच हेरले. हा स्कॉटिश माणूस मुळात जीवशास्त्रज्ञ. नगररचनेचे त्याचे प्रदर्शन जहाजातून मद्रासकडे निघाले होते, ते जर्मनांच्या ‘एम्डेन’ युद्धनौकेने वाटेतच बुडवले. तरी तो डगमगला नाही आणि पुढची अनेक वर्षे इथल्या शहरांतून पायी हिंडला. तिसऱ्या तुकोजीरावांच्या दरबाराने त्याला इंदूरला बोलावले आणि १९१८ मध्ये त्याचा दोन भागांतला अहवाल छापून निघाला. त्यात कारखान्यांसाठी नवी वस्ती आहे, नदीकाठची सुधारणा आहे, इंदूरला विद्यापीठ कसे असावे याचाही लांबलचक विचार आहे. आपल्या विषयाला महत्त्वाची आहे ती त्याची जुन्या शहराकडे पाहण्याची रीत. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढायची नाही, आधी बोळ अन् बोळ चालून पाहायचा. कोणते घर पडीक, कोणते भक्कम, कुठे विहीर, कुठे झाड, कुठे रिकामी जागा याची नोंद करायची. मग पडीक घरे काढून तिथे लहान चौक करायचे, अडणारा कोपरा मोकळा करायचा, आणि भक्कम घराशी रस्त्याने थोडे वळण घ्यायचे. नवे रस्ते त्यानेही सुचवले. पण प्रत्येक रेषेआधी पाडकामाची किंमत मोजायची, हा त्याचा आग्रह होता. कमीत कमी पाडणारी आखणीच बहुधा सर्वांत कमी खर्चाची ठरते, असा त्याचा ठिकठिकाणचा अनुभव होता.

नियम पाळायला लोकांना तयार कसे करायचे याचाही एक धडा गेडेसने इंदुरातच दिला. प्लेगचा जोर असताना दिवाळीची मिरवणूक त्याने हाती घेतली आणि जाहीर केले की या खेपेला ती नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या भागातली घरे सर्वांत जास्त झाडलेली, रंगवलेली, दुरुस्त केलेली दिसतील, तिथून ती जाईल. कचरा फुकट उचलून नेण्याची सोय केली. मग काय विचारता, गल्लीगल्लीत चढाओढ लागली. मिरवणुकीत प्लेगच्या भल्यामोठ्या उंदराची प्रतिमा होती आणि झाडूवाल्यांना मानाचे स्थान होते. त्या काळच्या इंदुरात ही लहान बाब नव्हती. साथ त्यामुळे हटली असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल, साथी आपल्या गतीनेही ओसरतात. पण नोटीस आणि दंड यांच्याऐवजी मान देऊन घरे दुरुस्त करून घेता येतात, एवढे त्यातून नक्की सिद्ध झाले. आणि तिथे दुरुस्तीचा खर्च घरमालकाने आनंदाने केला, कारण त्याचे घर उभे राहणार होते.

आता पुन्हा बडा गणपतीच्या रस्त्यावर येऊ. १.७ किलोमीटर म्हणजे साधारण ५,५७७ फूट. या लांबीवर रुंदी एका फुटाने वाढवायची तर साडेपाच हजार चौरस फुटांहून जास्त जमीन लागते. चाळीस फुटांचा रस्ता साठ फुटी करायचा असे धरले, तर सुमारे १ लाख ११ हजार चौरस फूट. बाजारपेठेतल्या या जमिनीला बाजारभाव लावला तर डांबर, काँक्रीट, गटारे, दिवे यांचा खर्च तिच्यापुढे किरकोळ ठरेल. म्हणजे असल्या रस्त्याचा खरा खर्च बांधकामाच्या निविदेत नसतोच. तो घरांत असतो, आणि घरातही तो फक्त चौरस फुटांनी मोजता येत नाही. जुन्या माळवी-मराठी धाटणीच्या घरात पुढे ओटा, त्यामागे दुकान, दुकानाच्या कडेने वर जाणारा अरुंद जिना, माडीवर लाकडी सज्जा अशी रचना सर्रास दिसते. घराचे तोंड अरुंद आणि खोली लांब. वरच्या मजल्याचा भार लाकडी खांब आणि तुळयांवर. पुढचे दहा फूट कापले की दुकान जाते आणि जिनाही जातो. तुळयांची रस्त्याकडची टोके उघडी पडतात, पुढचा खांब गेल्यामुळे माडी झुकते. मालकाला उरलेले घर सावरायचे तर बांधकाम परवाना हवा, आणि परवान्याला आजचे नियम लागू. किमान भूखंड, पुढेमागे सोडायची जागा, वाहने उभी करायची सोय, हे सगळे उरलेल्या तुकड्यात बसवणे अनेकदा अशक्यच. रस्त्याने घेतले दहा फूट, नियमाने घेतले उरलेले घर. पैकी दुसरी वजाबाकी पालिकेच्या कुठल्याच खातेवहीत दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की भरपाईची सोय आहे. रोख नाही, पण वाढीव चटईक्षेत्र मिळते, आणि मध्य प्रदेशात हस्तांतरणीय, म्हणजे दुसऱ्याला विकता येणाऱ्या, विकास हक्काचे नियमही झाले आहेत. कागदावर ही युक्ती चांगली आहे, आणि रिकाम्या तिजोरीच्या पालिकेला तिचा मोह पडणे स्वाभाविक आहे. जकात मध्य प्रदेशात १९७६ मध्येच रद्द झाल्यावर पैसा आणायचा कुठून? पण वाढीव चटईक्षेत्र वापरायला खाली पाया आणि भोवती जागा लागते. पंधरा फुटी तोंडाच्या, शेजारच्या भिंतीला भिंत लावून उभ्या घरावर चौथा मजला चढवणार कसा? हक्क विकावा म्हटले तर गिऱ्हाईक हवे. बिल्डर तो घेईल, पण बिल्डरच्या भावाने. म्हणजे भरपाईची किंमत त्याच नियमांवर ठरते ज्या नियमांनी घर अडवले. माझ्या मते लहान घरांच्या बाबतीत ही भरपाई नव्हे, हप्त्याची आशा आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गेडेसच्या वेळी मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आज बडा गणपतीवरून विमानतळाकडची रहदारी जाते, बाजारात आग लागली तर बंब शिरला पाहिजे, रुग्णवाहिका पोहोचली पाहिजे. शिवाय गेडेस काही बाबतींत चुकला. इंदूरच्या महागड्या भुयारी गटारयोजनेवर त्याने टीका केली आणि सांडपाणी बागांकडे वळवायचा मार्ग सुचवला. वाढत्या शहराला तो पुरला नसता. (काही वर्षांनी इंदुरातच, १९२४ मध्ये सुरू झालेल्या वनस्पती उद्योग संस्थेत, आल्बर्ट हॉवर्डने ‘इंदूर पद्धती’चे कंपोस्ट खत जगाला दिले. तेव्हा कचऱ्याचे सोने करण्याचा विचार अगदीच स्वप्नाळू नव्हता.) आणि गेडेसच्या पाठीशी महाराज होते, आजच्या महापौरामागे मतदार असतात. हे सारे मान्य. पण बंबाला लागते ती सलग, अडथळ्याविना वाट. त्यासाठी रस्त्याची पूर्ण लांबी साठ फूट हवीच असे नाही. वळणाचा एखादा कोपरा, वाटेत उभी वाहने, विजेचा खांब हे बहुतेक वेळा अडवतात आणि ते घर न पाडता हटवता येतात. राहता राहिली रहदारी. रुंद केलेला बाजाररस्ता काही वर्षांत दुतर्फा वाहनतळ होतो, हे इंदूर, पुणे, नाशिक कुठेही पाहून घ्यावे. आणि मतदारांचे म्हणाल तर त्यांना सगळा हिशेब दाखवण्याची गरज महाराजांपेक्षा जास्तच आहे.

तिसरेही एक बोलले जाते, की जुने वाडे आपणहून ढासळत चालले आहेत, त्यांचा कळवळा कशाला. ढासळतात हे खरे. पण ज्या घरावर रस्त्याची रेषा वर्षानुवर्षे लटकत राहते त्याची डागडुजी कोण करील? परवाना मिळत नाही, बँक कर्ज देत नाही, भाडेकरू सोडत नाही. आखणीची रेषा कागदावर पडते त्या दिवसापासून पडझड सुरू होते. या नुकसानीचा आकडाही खर्चात धरला पाहिजे.

भुयारी मेट्रोच्या आखणीत बडा गणपतीला स्थानक आहे. म्हणजे याच टोकाला पुन्हा रेषा पडणार, पुन्हा नोटिसा निघणार. महापालिकेने त्याआधी एक साधे काम करावे. प्रत्येक घरापुढे तीन रकाने मांडून यादी प्रसिद्ध करावी: किती फूट जाते, उरलेल्या जागेवर आजच्या नियमांनी काय बांधता येते, आणि भरपाईच्या हक्काला त्या दिवशी बाजारात काय भाव आहे. उरलेला तुकडा नियमात बसत नसेल तर त्या पट्ट्यापुरता नियम सैल करावा किंवा पूर्ण घराचे पैसे द्यावेत. तिसरा पर्याय न्याय्य नाही. ही यादी नगरसेवकांपुढे निविदेच्या आधी यावी, आणि बडा गणपतीच्या रहिवाशांनी ती आल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नये.